धूसर काच, शिळी हवा

जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली, ताम्हिणी, माळशेज किंवा वरंध घाट गाडीने चढलेल्या प्रत्येकाला हे दृश्य पाठ असेल. पायथ्याशी सगळं ठीक असतं. पहिली दोन-चार वळणं होतात, ढग रस्त्यावर उतरतो, पाऊस जोर धरतो म्हणून काचा वर जातात आणि समोरची काच कडेकडेने पांढरी व्हायला लागते. चालवणारा हाताने पुसतो. शेजारचा फडकं शोधतो. मागच्या सीटवरून ‘एसी लाव’, ‘एसी बंद कर’, ‘हीटर लाव’, ‘काच जरा खाली घे’ अशा चार तोंडांनी चार सूचना येतात. गंमत म्हणजे या चारही सूचना कोणत्या ना कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरलेल्या असतात. त्यामुळे सल्ला देणारा प्रत्येक जण ‘मी स्वतः करून बघितलंय’ म्हणत ठाम असतो.

घाटात ताशी ४० किलोमीटर हा काही मोठा वेग नाही. पण या वेगाने गाडी दर सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. काच पुसायला लागणाऱ्या दोन-तीन सेकंदांत ती पंचवीस-तीस मीटर गेलेली असते. तेही एक हात स्टिअरिंगवरून काढलेला असताना आणि वळणावरून दिवे लावून एसटी येत असताना. हा धोका सगळ्यांना कळतो. दुसरा मात्र लक्षात येत नाही, कारण तो दिसत नाही. काच धूसर करणारी हवा आणि गाडीतली माणसं श्वासातून घेत असलेली हवा एकच असते. काच आतून पांढरी झाली की बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की आतली हवा बराच वेळ बदललेली नाही आणि सगळे मिळून तीच ती हवा पुन्हा पुन्हा वापरत आहेत. काच हे त्या हवेचं फुकटात मिळालेलं मोजमाप. आपण ते फडक्याने पुसून टाकतो.

चौघांचा श्वास, तीन घनमीटर हवा

हवेत पाण्याची वाफ किती मावते, हे तिच्या तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावतं. १९ अंशांच्या हवेत जेमतेम १६ ग्रॅम. ऊबदार, ओलसर हवा थंड काचेला टेकली की तिची ही क्षमता घटते आणि जास्तीचं पाणी काचेवर बारीक थेंबांच्या रूपाने उतरतं. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटणारा घाम, पहाटे गवतावर पडलेलं दव आणि घाटातली धूसर काच यांच्यामागे एकच कारण आहे.

आता गाडीचा हिशेब करू. छोट्या हॅचबॅक गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते. बसल्या जागी एक प्रौढ माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चौघांचं झालं १६० ग्रॅम, म्हणजे चहाचा मोठा कप भरून पाणी. घाटात बाहेर १९ अंश तापमान आहे, काचेवर पाऊस आणि वारा आदळतोय, त्यामुळे काचही जवळपास तितकीच गार. आत २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे असं धरू. सुरुवात चांगलीच म्हणायची. काचेवर वाफ धरण्याआधी या हवेत आणखी १४-१५ ग्रॅम बाष्पाची जागा शिल्लक असते. एसी बंद, काचा बंद आणि आतलीच हवा फिरत असेल, तर चौघे ही जागा पाच-सहा मिनिटांत भरून टाकतात. त्यात धबधब्याखाली भिजून आलेली मंडळी, ओल्या छत्र्या, रेनकोट आणि चिखलाचे बूट धरले, तर पाच मिनिटंही लागत नाहीत.

याच आकड्यांवरून एका लोकप्रिय उपायाचीही परीक्षा घेता येते. डॅशबोर्डवर सिलिका जेलची पिशवी ठेवा, असं अनेक जण सांगतात. सिलिका जेल आपल्या वजनाच्या ३०-४० टक्के पाणी शोषू शकतं. म्हणजे एक किलोची भरभक्कम पिशवी ठेवली, तरी चौघांच्या दोन-अडीच तासांच्या श्वासाला ती जेमतेम पुरेल. रात्रभर उभ्या असलेल्या बंद गाडीत ओल कमी ठेवायला ती थोडीफार मदत करते. चालत्या गाडीत तिच्या भरवशावर राहू नये.

यावर एक शंका हमखास येते आणि ती वाजवी आहे. बाहेर मुसळधार पाऊस, हवेत शंभर टक्के आर्द्रता. ती हवा आत घेतली तर काच आणखी ओली नाही का होणार? उत्तर ‘सापेक्ष’ या शब्दात आहे. १९ अंशांची हवा बाष्पाने काठोकाठ भरलेली असली, तरी घनमीटरमागे १६ ग्रॅमच पाणी घेऊन येते. ती आत येऊन २५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांवर उतरते. तेवढ्याने काच खडखडीत कोरडी होणार नाही, पण चौघांचे उच्छ्वास साठलेल्या हवेपेक्षा ही हवा बरी. आणि ती एसीतून गेली, तर तिच्यातलं बरंचसं पाणी आत पोचण्याआधीच गळून गेलेलं असतं.

एसी गार हवा देतो, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण आत येणारी हवा ज्या थंड जाळीवरून जाते (गॅरेजच्या भाषेत कूलिंग कॉइल) तिच्यावर बाष्पाचं पाणी होतं आणि ते नळीतून गाडीखाली टपकतं. उभ्या गाडीखाली दिसणारं स्वच्छ पाण्याचं थारोळं ते हेच. म्हणून घाटात एसी लावायचा तो गारव्यासाठी नव्हे, हवा सुकवण्यासाठी. थंडी वाजत असेल तर एसी चालू ठेवूनच तापमानाचा खटका लाल बाजूला सरकवायचा. हवा आधी कॉइलवर सुकते, मग हीटरवर तापते आणि कोरडी-ऊबदार होऊन काचेवर येते. एसी आणि हीटर एकाच वेळी चालवणं अनेकांना वेडेपणा वाटतो, पेट्रोलची उधळपट्टी वाटते. पेट्रोल थोडं जास्त लागतं हे खरंच आहे. पण काच साफ करायचा याहून जलद मार्ग गाडीत दुसरा नाही. पंख्याच्या आकाराची काच आणि तिच्याकडे जाणारे तीन नागमोडी बाण असं चिन्ह असलेलं बटण बहुतेक गाड्यांत असतं. अनेक गाड्यांत ते दाबलं की एसी आपोआप सुरू होतो आणि बाहेरची हवा आत यायला लागते.

आधी वायपर फिरवून बघा

हे सगळं लागू पडतं ते वाफ आतून धरली असेल तर. मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात अनेकदा नेमकं उलटं घडतं. तिथे हवेचा दवबिंदूच २४ ते २६ अंशांच्या आसपास असतो. उकाड्याने हैराण होऊन आपण एसी सगळ्यात थंडवर ठेवतो, त्याचा झोत काचेवर जात असतो आणि काच वीस-बावीस अंशांपर्यंत गार पडते. मग दव पडतं ते काचेच्या बाहेरच्या बाजूला. आतून कितीही पुसा, काही फरक पडत नाही. घाबरून माणूस एसी आणखी वाढवतो, काच आणखी गार होते, धुकं आणखी दाट होतं.

ओळखायची रीत सोपी आहे. वायपर एकदा फिरवा. काच साफ झाली, तर दव बाहेरून आहे. नाही झाली, तर आतून. बाहेरून असेल तर वायपर चालू ठेवा, एसीचा झोत काचेवरून हटवून तोंडाकडे किंवा पायांकडे वळवा आणि तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा. आतून असेल तर झोत काचेवर, एसी चालू आणि हवा बाहेरची. मागच्या सीटवरचे ‘एसी लाव’वाले आणि ‘एसी बंद कर’वाले दोघेही बरोबर का असतात, ते इथे कळतं. पहिल्याचा अनुभव बहुधा घाटातला असतो, दुसऱ्याचा सायनच्या सिग्नलवरचा.

मागच्या काचेवर आडव्या तांबूस रेषा असतील, तर त्या तापणाऱ्या तारा आहेत. चौकोनी काचेचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की काच काही मिनिटांत साफ होते. त्या तारा नाजूक असतात. तिथे ब्लेडने स्टिकर खरवडू नयेत.

काच किती लवकर धूसर होते, हे तिच्या स्वच्छतेवरही अवलंबून असतं. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी द्रव्यं, धूर, उदबत्ती, हातांचा तेलकटपणा यांचा पातळ थर काचेवर आतून साचत जातो. अशा काचेवर पाणी पसरत नाही, त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब होतात आणि समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्या थेंबांवर विखुरतो. तळहाताने पुसलं की तेलाचा आणि घामाचा आणखी एक थर वर चढतो, म्हणून पुसलेला पट्टाच पुन्हा आधी पांढरा होतो. महिन्यातून एकदा काच आतून साबणाच्या पाण्याने धुवून कोरड्या सुती फडक्याने पुसली, तर निम्मी कटकट वाचते. शेवटचा हात वर्तमानपत्राच्या बोळ्याने मारायची आपल्याकडची जुनी पद्धतही चांगली आहे (आजची पुरवणी आधी वाचून घ्यावी). वायपर बंद पडल्यावर काचेवर बाहेरून तंबाखू किंवा बटाट्याची फोड चोळणारे ट्रकवाले याच तत्त्वावर काम करतात: पाण्याचे थेंब न होता त्याचा पातळ पडदा व्हावा.

चढण लागली की एसी बंद

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची एक खास सवय इथे सांगायला हवी. चढण लागली, गाडी दम टाकायला लागली की चालक हात पुढे करून एसी बंद करतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो, हे खरं. पण त्या क्षणी कॉइलवर भरपूर पाणी चिकटलेलं असतं. कॉम्प्रेसर थांबला की कॉइल तापायला लागते, पंखा मात्र चालूच असतो, आणि इतका वेळ हवेतून काढलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन थेट गाडीत परत येतं. आतलीच हवा फिरत असेल, तर काच बघता बघता पांढरी होते. नेमकी चढणीच्या वळणावर. पावसाळी घाटात एक गिअर खाली घ्यावा, पण एसी चालू ठेवावा. अगदीच बंद करावा लागला, तर त्याआधी बाहेरची हवा सुरू करून घ्यावी.

उलटा फिरणारा बाण

आता त्या बटणाकडे येऊ, ज्याच्यावर गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात वळलेला बाण असतो. हे दाबलं की बाहेरच्या हवेचं दार बंद होतं आणि आतलीच हवा एसीतून फिरत राहते. गाडी लवकर गार होते, बाहेरची धूळ-धूर कमी येतो, म्हणून आपल्याकडे हे बटण मे महिन्यात एकदा दाबलं जातं ते पुढच्या मेपर्यंत तसंच राहतं. कित्येकांना ते दाबलेलं आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

या हवेत बाष्पाबरोबर आणखी एक गोष्ट साठत जाते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत ४२०च्या थोडं वर असतं. आपल्या उच्छ्वासात ते ४ टक्के, म्हणजे दहा लाखांत ४० हजार. चौघे बसलेली, पूर्ण हवाबंद गाडी कल्पिली, तर हे प्रमाण दर मिनिटाला सुमारे ४००ने वाढेल. प्रत्यक्षात गाडी इतकी हवाबंद नसते; वेग वाढला की फटींतून हवा शिरते आणि वाढ मंदावते. तरीही चौघांच्या गाडीत अर्ध्या-पाऊण तासात आकडा दोन हजारांच्या पुढे जाणं नवलाचं नाही. एसी चालू असेल तर काच साफ राहते, आणि इथेच फसगत होते: एसी हवेतलं पाणी काढतो, पण कार्बन डायऑक्साइडला हात लावत नाही. काचेचं मोजमाप तेव्हा मुकं झालेलं असतं.

हे किती गंभीर? घाबरवायचं कारण नाही. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी पाच हजारांपर्यंतचं प्रमाण चालवून घेतलं जातं, आणि गाडीत कोणी या वायूने गुदमरत नाही. पण बंद खोलीत हे प्रमाण हजाराच्या वर गेलं की हवा खेळती नाही असं समजतात. दोन-तीन हजारांच्या घरात डोकं जड होणं, कोंदट वाटणं, जांभया येणं अशा तक्रारी सुरू होतात. विचारशक्तीवर आणि निर्णयांवर याचा नेमका किती परिणाम होतो, याबद्दलचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. मात्र रात्री अकराला मुंबईहून निघून पहाटे कणकवलीला पोचणाऱ्या चाकरमान्याच्या गाडीचा विचार करा. चालवणारा आधीच दिवसभर काम करून थकलेला, मागे तिघं गाढ झोपलेले, एसी मंद, बाण उलटा फिरलेला. त्याच्या डोळ्यांवर येणारी झोप सगळी हवेमुळे येते असं मी म्हणणार नाही. पण त्या झोपेला मदत करणारी एक गोष्ट बोटाने बटण दाबून दूर होते, आणि ती केली जात नाही. चहाच्या टपरीवर उतरल्यावर जी तरतरी येते, तिचं श्रेय आपण चहाला देतो. थोडं ताज्या हवेलाही द्यायला हवं.

मग बटण कायमचं बंदच ठेवावं का? तसंही नाही. आपल्या शहरांमधली बाहेरची हवा काही महाबळेश्वरची नाही. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी भारताचं चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या चौकात आपलं मानकही सहज ओलांडलं जातं. काळा धूर सोडणाऱ्या ट्रकच्या मागे, बोगद्यात, सिग्नलच्या गर्दीत, खडी क्रशरजवळून जाताना आतली हवा फिरवणं शहाणपणाचंच आहे. गाडीत फिल्टर चांगला असेल, तर त्या पाच-दहा मिनिटांत आतले कण झपाट्याने कमीही होतात. बोगदा संपला, ट्रक मागे टाकला की बटण पुन्हा बाहेरच्या हवेवर आणायचं, एवढं लक्षात ठेवावं लागतं. लांबच्या प्रवासात मधूनमधून दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा घेणं, हा मधला मार्ग. कुटुंब मोठं आणि गाडी लहान असेल, तर हे मधलं अंतर आणखी कमी ठेवावं.

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे

बाहेरची हवा निर्धास्तपणे आत घ्यायची, तर ती गाळणारी वस्तू धड असायला हवी. हवा गाळून, तापवून गाडीत सोडायची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ साली अशी यंत्रणा आपल्या गाड्यांत आणली होती. आज बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे घड्या घातलेल्या कागदासारखा एक चौकोनी तुकडा असतो. आपल्याकडे त्याला एसी फिल्टर म्हणतात. आणि आपल्याकडे तोच सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ऑइल बदललं का हे विचारणारा माणूस फिल्टर बदलला का हे विचारत नाही, कारण फिल्टर न बदलल्याने गाडी बंद पडत नाही.

पाच-सहा वर्षांच्या गाडीतून पहिल्यांदाच काढलेला फिल्टर बघण्यासारखा असतो. मुळात पांढरा असलेला तो राखाडी-काळा झालेला, घड्यांमध्ये गुलमोहराच्या बारीक पानांचा चुरा, किड्यांचे पंख, केस, आणि पावसाळ्यात त्या सगळ्यावर ओल. यातून हवा जेमतेम जाते. पंखा चारवर ठेवला तरी झोत दोनचा येतो. अशा वेळी गाडीमालक गॅरेजमध्ये जाऊन ‘एसी थंड करत नाही’ म्हणतो आणि गॅस भरून घेऊन हजार-दोन हजार रुपये देऊन येतो. एसी थंड करत असतो. ती थंड हवा बाहेर येत नसते. काच साफ करायलाही जोरदार झोत लागतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरची पहिली तक्रार अनेकदा पावसाळ्यात, धूसर काचेच्या रूपाने येते. गॅस भरण्याआधी फिल्टर काढून बघा, असं मेकॅनिकला आपणहून सांगावं.

तो बदलायचा कधी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. साधारण वर्षातून एकदा किंवा दहा ते वीस हजार किलोमीटरना. कच्च्या रस्त्यांवर, बांधकामं चालू असलेल्या भागात किंवा झाडाखाली गाडी उभी राहत असेल, तर त्याआधीच. मे अखेरीस, उन्हाळ्याची धूळ खाऊन झाल्यावर आणि पाऊस यायच्या आधी बदलणं सगळ्यात सोयीचं. किंमत बहुतेक गाड्यांसाठी काही शे रुपयांत असते. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे आडवं झाकण दिसतं, ते उघडलं की फिल्टर हातात येतो. दहा मिनिटांचं काम, पान्याचीही गरज नाही. जुना काढताना त्याच्यावरचा बाण कोणत्या दिशेला होता तेवढं बघून ठेवावं आणि नवा तसाच बसवावा. सर्व्हिसिंगच्या बिलात फिल्टरचे पैसे लावलेले असतील, तर जुना फिल्टर दाखवायला सांगावं. यात संकोच कसला?

कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून किंवा पाण्याने धुवून तोच फिल्टर पुन्हा बसवायची पद्धत सर्रास आहे. ती खोटी काटकसर आहे. जोरदार हवेने त्याचे तंतू विस्कटतात, धुतल्यावर बारीक कण पकडायची ताकद जाते, आणि ओला बसवला तर बुरशीला आयती गादी मिळते. काही स्वस्त आणि जुन्या मॉडेलमध्ये तर कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो, जागा मात्र ठेवलेली असते. आपल्या गाडीत तो आहे का, हे एकदा उघडून बघितलेलं बरं.

साधा फिल्टर धूळ, परागकण, पानांचा चुरा अडवतो. सूक्ष्म कणांपैकी काही भाग. काळसर रंगाचा, कोळसा लावलेला महाग फिल्टर घेतला तर वास आणि काही वायूही कमी होतात. शहरात रोज दोन-तीन तास गाडीत जाणाऱ्यांनी, घरात दम्याचा पेशंट असलेल्यांनी तो घ्यावा. पण कार्बन मोनॉक्साइड यातला कोणताही फिल्टर अडवत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपू नये. सायलेन्सर गळका असेल, तर उघड्यावर उभ्या गाडीतही नाही.

ओला गालिचा, कुबट वास

एसी लावताच पहिल्या मिनिटाला कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास येतो का? तो बहुधा कॉइलवरून येतो. अंधार, ओल आणि फिल्टरमधून निसटलेली धूळ, बुरशीला आणखी काय हवं? गाड्यांच्या कॉइलवर ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम अशा बुरशी सापडतात. निरोगी माणसाला वासापलीकडे फारसा त्रास होत नाही. दमा, ॲलर्जी असलेल्यांना मात्र शिंका, खोकला, छातीत घरघर सुरू होऊ शकते. मुलाला ‘गाडी लागते’ म्हणून आपण खिडकीशी बसवतो. त्याला उलटीऐवजी दर वेळी खोकलाच येत असेल, तर संशय एसीवर घ्यावा. सगळ्यात जास्त झळ बसते ती ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांना. टॅक्सी आणि शाळेच्या व्हॅनचे चालक दिवसाचे दहा-बारा तास याच हवेत काढतात.

यावर सुगंधाची डबी लटकवणं म्हणजे बुरशी तिथेच ठेवून वर अत्तर शिंपडणं. कॉइल गॅरेजमध्ये फवारणी करून साफ करता येते. तिला पुन्हा बुरशी लागू नये म्हणून मुक्कामाला पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून पंखा चालू ठेवावा, बाहेरच्या हवेवर, म्हणजे कॉइल सुकते. हे वर सांगितलेल्या घाटाच्या गोष्टीच्या उलट वाटेल. पण तो घाट होता, हे घराजवळचं गल्लीतलं शेवटचं वळण आहे. तिथेही काच धूसर व्हायला लागली तर नाद सोडावा.

एसी नीट, फिल्टर नवा, तरी सकाळी गाडी उघडली की सगळ्या काचा आतून ओल्या, असं असेल तर पाणी कुठून तरी आत येतंय. वायपरखालची जाळी बघा. तिथे पानं साचून पाणी जायची भोकं तुंबली की ते आत उतरतं. पायाखालचा गालिचा हाताने दाबून बघा. वरून कोरडा दिसणारा गालिचा खालच्या फोममध्ये बरंच पाणी धरून असतो. पायदानाखाली घातलेलं वर्तमानपत्र रोज बदललं तर उपयोगाचं, आठवडाभर ठेवलं तर तेच ओलीचं कोठार. उघडीप मिळाली की चारही दारं उघडून गाडी उन्हात ठेवायची, गालिचा उचलून.

दोन खुणा मात्र घरगुती उपायांच्या पलीकडच्या आहेत. काचेवरचं धुकं चिकट, तेलकट असेल आणि गाडीत गोडसर वास येत असेल, तर हीटरमधून कूलंट गळतंय. ते विषारी असतं; गाडी लगेच गॅरेजला न्यावी. आणि फिल्टरच्या जागेत कापसाचे, कागदाचे बारीक तुकडे आणि लेंड्या दिसल्या, तर तिथे उंदराने घर केलंय. पावसाळ्यात हे फार होतं. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचा संसर्ग होतो, म्हणून ते कोरड्या ब्रशने झाडू नये की हवेने फुंकू नये. हातमोजे आणि मास्क घालून, जंतुनाशक शिंपडून, ओल्या कपड्याने काढावं, पिशवीत बांधून टाकावं आणि नवा फिल्टर बसवण्याआधी पंख्याचा डबा आतून तपासून घ्यावा.